अनुभवाची साक्ष : तिचें मोल किती?

(उपदेशकांसाठीं व मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ. वाचन : १ राजे १९:९–१३, योहान ९:२४–३४, प्रेषितांचीं कृत्यें ९:२६–२८, २ करिंथ १२:१–६, १ योहान ४:१)

पावसाळा संपून भातकापणी चालली असतां आम्हांस दापोली तालुक्यांतील मुरुड येथें दोन दिवस राहण्याचा प्रसंग आला. सायंकाळीं एका बंधूच्या ओटीवर प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर एका वृद्ध बाईनें साक्ष दिली कीं, आजारांत एका रात्रीं आपली खोली प्रकाशानें भरून गेली, कोणीं तरी आपल्या कपाळावर हात ठेविला, आणि त्या घटकेपासून आपली मरणाची भीति गेली. ओटीच्या कडेस शेजारचे एक गृहस्थ बसले होते. ते अदबीनें म्हणाले, "पाद्रीसाहेब, ह्या आजी खोटें बोलावयाच्या नाहींत, हें मी जाणतों. परंतु माझ्या आईसहि देवीनें असाच दृष्टांत दिला होता, व तीहि खोटें बोलणारी नव्हती. मग आजींचा अनुभव हा पुरावा आणि माझ्या आईचा तो भ्रम, असें कां?"

सोबतचा तरुण उपदेशक आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. आमच्या बहुतेक खेड्यांतील उपदेशकांस हा प्रश्न आज ना उद्यां कोणी तरी विचारणारच. म्हणून ह्या पाठांत त्याचा विचार शांतपणें करण्याचें योजिलें आहे.

१. आधीं आमची एक चूक

दुसऱ्यास शिकवितांना आपली चूक लपविणें बरें नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका गांवीं एका बंधूस तापांत प्रभूचें दर्शन झालें व ताप उतरला. आम्हीं ती गोष्ट भरसभेंत सांगितली, आणि "देव आहे ह्यास आणखी पुरावा तो कोणता पाहिजे?" असें मोठ्या आवेशानें विचारलें. दोन महिन्यांनीं ताप उलटला आणि ते बंधु प्रभूमध्यें निजले. त्यांचा स्वतःचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाहीं. परंतु सभेंत आमचें बोलणें ऐकून जें एक कुटुंब मंडळीकडे वळूं लागलें होतें, तें परत फिरलें. "पुरावा मेला," असें त्या घरचा कर्ता पुरुष म्हणाला. त्याचें चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. जें ओझें त्या अनुभवानें वाहावयाचें नव्हते, तें आम्हीं त्याच्यावर लादिलें होतें.

२. पाहिलेलें एक, अनुमान दुसरें

अनुभवाविषयीं बोलतांना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकींत एक मिसळतों. पहिली, मला काय झालें. दुसरी, त्याचा अर्थ मीं काय केला. तिसरी, त्यावरून दुसऱ्यानें काय मानावें.

हर्णैचा कोळी रात्रीं समुद्रावरून परत येत असतां त्यास दूरवर उजेड दिसतो. उजेड दिसला, ह्याविषयीं त्याच्याशीं वाद घालणें व्यर्थ होय. परंतु तो उजेड कनकदुर्गावरील दीपगृहाचा, कीं दुसऱ्या होडीचा, कीं किनाऱ्यावरच्या शेकोटीचा, हें नुसत्या दिसण्यानें ठरत नाहीं. तो दुसऱ्या खुणा पाहतो, होडींतील दुसऱ्या माणसास विचारतो, मग सुकाणू वळवितो. उजेड पाहणें हें डोळ्यांचें काम. तो कशाचा हें ठरविणें हें विवेकाचें काम.

न्यायालयांतहि असाच भेद आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, जी गोष्ट पाहिली म्हणावयाची, ती ज्यानें स्वतः पाहिली त्यानेंच येऊन सांगावी. आणि त्या कायद्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तोच नियम कायम आहे. साक्षीदारानें पाहिलें तें सांगावें. निकाल देणें हें त्याचें काम नव्हे. आपले साक्षीदार पुष्कळदां साक्ष देतां देतां न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसतात.

योहानाच्या नवव्या अध्यायांतील जन्मांध मनुष्य ह्या बाबतींत आपला गुरु होय. परूश्यांनीं त्याला येशूविषयीं निकाल देण्यास सांगितलें, तेव्हां तो माहीत नाहीं तें माहीत नाहीं असेंच म्हणतो, आणि जें एक त्यास ठाऊक आहे, कीं आपण आंधळे होतों व आतां पाहतों, तेवढें मात्र कोणाच्याहि धाकानें सोडीत नाहीं. अर्थाचा उलगडा त्यास पुढें, प्रभु स्वतः भेटल्यावर झाला.

३. आक्षेप खरे आहेत

शेजाऱ्यांचा आक्षेप हा पहिला : सर्व धर्मांत अनुभव आहेत. तुकोबांस स्वप्नांत गुरूचा उपदेश झाला, हें महाराष्ट्रांतील लहान मूलहि जाणतें. कोंकणांत पुष्कळ देवळांत कौल लावितात, आणि कौल खरा ठरल्याच्या गोष्टी घरोघरीं आहेत. दुसरा आक्षेप असा कीं, ताप, उपास, जागरण, शोक व मोठा समुदाय ह्यांनीं मन चळतें, आणि मनुष्य बहुधा ज्या रूपाचे संस्कार त्यावर झाले असतील तेंच रूप पाहतो. तिसरा आक्षेप असा कीं, आपण लागलेले कौल मोजतों व चुकलेले विसरतों.

हा तिसरा आक्षेप आपल्यास लागू नाहीं काय? ऐकल्या गेलेल्या प्रार्थना आपण साक्षसभेंत सांगतों. ज्या प्रार्थनांनंतरहि मूल वारलें, त्या सांगण्यास कोण उभा राहतो? जें माप आपण कौलास लावितों, तेंच आपल्या घरच्या साक्षीस लाविलें पाहिजे. खोटें माप प्रभूस आवडत नाहीं, मग तें आपल्या लाभाचें कां असेना.

४. केडगांवची घागर

पंडिता रमाबाई ह्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या कबूल करितात कीं, त्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारें आठ वर्षांनीं मिळाला. तेव्हां त्यांना ना ताप होता ना उपास. विल्यम हॅस्लम ह्या पाळकाचें आत्मवृत्त वाचतां वाचतां आपली उणीव त्यांच्या ध्यानांत आली. एवढी विदुषी स्त्री आपल्याच पूर्वीच्या अनुभवाची तपासणी करिते व तो अपुरा होता असें जगास सांगते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें १९०५ च्या जून महिन्याच्या अखेरीस केडगांवच्या मुक्ति सदनांत मोठें जागरण झालें. त्या वेळच्या वृत्तांतांत अशी हकीकत आहे कीं, रात्रीं एका मुलीभोंवतीं अग्नि दिसला व दुसरी पाणी आणून तिच्यावर ओतावयास धांवली. परंतु मुलगी भाजली नव्हती. पाणी आणणारीनें जें पाहिलें तें प्रामाणिकपणें पाहिलें. तथापि पाण्याची गरज नव्हती, हें तिला जवळ गेल्यावर कळलें. कित्येकांनीं ह्या सर्वास भावनेचा क्षोभ म्हटलें. रमाबाईंनीं त्यांत देवाचा हात पाहिला. परंतु ज्यांनीं त्याची बाजू घेतली, त्यांनींहि अग्नीवर भर न देतां मुलींनीं दिलेल्या पापांच्या कबुलीवर, त्यांच्या पालटलेल्या वागणुकीवर व खेडोपाडीं जाऊन केलेल्या सेवेवर भर दिला.

५. एकाच घरांतील दोन वाटा

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचे. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका परक्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला आणि "दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल" अशा अर्थाचें भाकीत केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांस ह्यांत देवाचें बोट दिसावें हें स्वाभाविक होय. परंतु एखादा संशयी म्हणेल कीं, त्या वाक्यानेंच त्यांच्या मनास वळण दिलें असेल. आणि त्याचें तोंड बंद करण्यास आपल्याजवळ साधन नाहीं.

आतां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांजकडे पाहा. पतीचा अनुभव त्यांच्या इतका जवळून कोणीं पाहिला? तरी त्यांनीं तेवढ्यावरून धर्म सोडिला नाहीं. पांच वर्षें त्या झगडल्या, रडल्या, आणि जातिभेद हा देवाचा नसून माणसांचा आहे हें स्वतः विचार करून त्यांच्या मनानें घेतलें. तेव्हां कोठें १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत हें सर्व आहे. पतीचा अनुभव जर पत्नीस बांधून टाकीत नाहीं, तर आपला अनुभव शेजाऱ्यास कसा बांधील? त्यानें पत्नीस विचार करावयास लाविलें, एवढें मात्र खरें. आणि तें थोडें नव्हे.

६. फळांवरून झाड, परंतु किती?

येथें कोणी म्हणेल, "फळांवरून ओळखावें, असें प्रभूनेंच शिकविलें, तेवढी कसोटी पुरे." मुरुडकरांपुढें असें घाईनें बोलूं नये. महर्षि अण्णासाहेब कर्वे ह्यांचें बालपण ह्याच मुरुडांत गेलें. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकलेल्या गोदूबाई ह्या विधवेशीं विवाह केला, म्हणून ह्याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं संस्था उभारिली, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. हें सर्व करणारा मनुष्य दृष्टांताची गोष्ट सांगत नव्हता. ईश्वराविषयीं तो अज्ञेयवादाकडे कललेला होता. त्यांचे पुत्र रघुनाथराव हेहि मुरुडासच जन्मले. ते तर उघड नास्तिक, आणि लोकनिंदा सोसून १९२७ पासून १९५३ सालीं मरण येईपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' चालविलें.

तेव्हां चांगलें फळ दिसलें कीं धार्मिक अनुभव सिद्ध झाला, असें म्हणणारा अण्णांच्या पुढें निरुत्तर होईल. आमचें मत असें आहे कीं, फळ ही चाळण आहे, पाया नव्हे. ज्या अनुभवानें मनुष्य गर्विष्ठ, आळशी किंवा निर्दय झाला, तो चाळणींतून गळून पडतो. परंतु जो चाळणींत राहिला तो तेवढ्यानेंच देवाकडचा ठरत नाहीं. अण्णांच्या चांगुलपणाचा उगम देवांतच आहे अशी आमची श्रद्धा आहे. परंतु ती आमची श्रद्धा होय, त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हे.

७. मग अनुभव कशाच्या उपयोगाचा?

तो निरुपयोगी आहे असें म्हणणें हीहि दुसऱ्या बाजूची अतिशयोक्ति होय. ऑक्सफर्डचे रिचर्ड स्विनबर्न ह्यांनीं १९७९ सालीं असा विचार मांडिला कीं, एखादी गोष्ट आहे असें आपल्यास दिसलें, तर उलट कारण सांपडेपर्यंत ती आहे असें मानणें हेंच शहाणपण. नाहीं तर डोळ्यांवर व कानांवरहि विश्वास ठेवितां येणार नाहीं. अमेरिकन पंडित विल्यम जेम्स ह्यांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत म्हटलें कीं, असा अनुभव ज्याचा त्याला अधिकारानें पटतो, व पटावा. परंतु तो न आलेल्यावर त्याची सक्ति नाहीं.

शास्त्राचा कल आम्हांस असाच दिसतो. एलीयास वादळ, भूकंप व अग्नि ह्यांत देव सांपडला नाहीं. मागून आलेल्या मंद वाणींत सांपडला. पौलास दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला, तरी यरुशलेमांतील शिष्यांनीं त्याचा शब्द लागलाच खरा मानिला नाहीं. बर्णबानें त्याची हकीकत सांगितली तेव्हां त्यास जवळ केलें. आणि तोच पौल एका मोठ्या दर्शनाविषयीं लिहितांना चौदा वर्षांपूर्वींची गोष्ट म्हणून संकोचानें लिहितो व त्यावर अभिमान धरण्याचें टाळितो. प्रेषितांनीं सुवार्ता सांगितली ती आपल्या अंतरींच्या सुखाची नव्हे, तर पंतय पिलाताच्या वेळीं सर्वांदेखत घडलेल्या गोष्टींची.

ह्यावरून उपदेशकांनीं तीन नियम पाळावे. झालें तेवढेंच सांगावें, त्यांत पदरचें घालूं नये. ज्यास असा कांहीं अनुभव नाहीं, त्यास उणा ख्रिस्ती समजूं नये. प्रतिदिवशीं प्रामाणिकपणें शेत राखणारा व दर रविवारीं गुडघे टेकणारा मनुष्यहि साक्षीदारच आहे. आणि आजाऱ्यास दर्शन झालें म्हणून त्याचें औषध बंद करूं नये.

८. ओटीवरचें उत्तर

त्या सायंकाळीं आम्हीं शेजारच्या गृहस्थांस म्हटलें, "तुमच्या मातोश्री खोटें बोलल्या असें आम्ही म्हणणार नाहीं, आणि त्यांनीं काय पाहिलें ह्याचा निकाल देण्यास आम्ही तेथें नव्हतों. आजींचा अनुभव आम्ही तुमच्यावर पुरावा म्हणून लादीत नाहीं. आजींची भीति गेली, एवढें तुम्हीं रोज पाहतां. ती कोणीं घालविली, असें त्या म्हणतात, त्याचें चरित्र ह्या पुस्तकांत आहे. तें वाचा, आणि जें कठीण वाटेल तें आम्हांस विचारा." त्यांनीं मार्काचें शुभवर्तमान घेतलें. ते पुढें काय ठरवितील हें देव जाणे.

ते गेल्यावर आजी म्हणाल्या, "मी त्यांना पटवून द्यायला नव्हतें सांगितलें. झालें तें सांगितलें." आमच्या सर्व पाठाचें सार त्या बाईंनीं दोन वाक्यांत सांगून टाकिलें.

अभ्यासाचे प्रश्न

१. जन्मांध मनुष्यानें कोणती गोष्ट ठामपणें सांगितली, व कोणती माहीत नाहीं म्हणून सोडून दिली?
२. आपल्या मंडळींत ऐकलेली एखादी साक्ष आठवा. तींत पाहिलेलें किती व अनुमान किती?
३. फळांच्या कसोटीनें काय ठरतें, आणि काय ठरत नाहीं?
४. ज्या प्रार्थनेचें उत्तर आपल्या इच्छेप्रमाणें आलें नाहीं, तिच्याविषयीं मंडळीपुढें आपणांस बोलतां येईल काय? येत नसल्यास कां?