ट्रकच्या फ्रेमला कोणता लेप लावाल?

तुम्ही मिशिगन, ओहायो किंवा अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये राहत असाल आणि दारात पिकअप ट्रक असेल, तर एकदा टॉर्च घेऊन त्याच्या खाली डोकावून पाहा. वरचा रंग चकचकीत असतो, पण इंजिन आणि सामानाचं ओझं पेलणारी पोलादी फ्रेम बऱ्याचदा तपकिरी झालेली दिसते. प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. फ्रेम गंजून तिला भोकं पडतात, या तक्रारीवरून टोयोटाने २०१६ साली अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात तडजोड केली. सुमारे १५ लाख गाड्या आणि ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा अंदाजित खर्च, एवढी तिची व्याप्ती होती.

बाजारात गंजरोधक लेप ढीगभर मिळतात. त्यातला कोणता निवडायचा, हे ठरवण्याआधी गंज कसा लागतो ते पाहू.

गंज म्हणजे एक छोटी बॅटरी

ओल्या लोखंडावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे हवेतला ऑक्सिजन व पाणी त्यांना घेतात. हे मंडल पूर्ण व्हायला पाण्यातून आयन वाहावे लागतात. शुद्ध पाण्यात ते कमी वाहतात, मिठाच्या पाण्यात सहज. कोकणात खिडकीचे गज लवकर का गंजतात, याचं उत्तर इथेच आहे. इकडे समुद्र नसला, तरी बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पसरतात.

हे मीठ हवेतला ओलावाही ओढून घेतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागतं. काही ठिकाणी वापरलं जाणारं मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच. त्यामुळे कोरडी दिसणारी फ्रेमही ओली असू शकते. त्यातच मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये उभी केली, तर ही रासायनिक क्रिया आणखी वेग घेते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून पाहिलं. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. पण लोखंड विरघळलं ते मध्यभागी! म्हणजे ओलावा आहे पण ऑक्सिजन कमी पोहोचतो, तीच जागा आधी खाल्ली जाते. सुटलेल्या लेपाखालची फट ही नेमकी अशी जागा असते.

लेपांचे तीन प्रकार

१. कडक कवच: इपॉक्सी, पावडर कोटिंग, डांबरासारखं काळं अंडरकोटिंग. हे पाणी आणि धातू यांच्यामध्ये भिंत उभी करतं. स्वच्छ धातूवर उत्तम. पण गंजावर चढवलं, किंवा दगड लागून तडा गेला, की मिठाचं पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून सगळं काळंभोर, आत पोखरण चालू.

२. जस्त: जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ओरखडा पडला तरी आधी ते झिजतं आणि लोखंड वाचतं. मात्र जस्तयुक्त प्रायमरचा उघड्या धातूशी थेट संपर्क हवा. गंजावर फासून उपयोग नाही.

३. तेल, मेण आणि लॅनोलिन: लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. हे लेप पूर्ण वाळत नाहीत. त्यातले पातळ लेप फटींत, जोडांत झिरपतात आणि पाण्याला बाजूला सारतात. ओरखडाही काही अंशी भरून निघतो. तोटा एवढाच की ते धुऊन जातात. साधारण दरवर्षी पुन्हा मारावे लागतात.

मग निवड कशी करायची?

फ्रेम उघडी करून सँडब्लास्टिंगने धातूपर्यंत साफ करणार असाल, तर जस्तयुक्त प्रायमर आणि वर इपॉक्सी हा टिकाऊ पर्याय आहे. पण रोज चालणाऱ्या, थोड्या गंजलेल्या ट्रकसाठी तिसरा प्रकार निवडा. इथे लेप किती कडक आहे यापेक्षा तो फटीत पोहोचतो का आणि पुन्हा लावता येतो का, हे जास्त मोलाचं.

उन्हाळ्याच्या अखेरीस गाडी खालून धुवा, पूर्ण वाळू द्या, सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा आणि मग फवारा मारा. पेटीसारखी बंद फ्रेम आतून गंजते, म्हणून तिच्या भोकांतून लांब नळी घालून आतही फवारा. पाणी निघून जाण्याची भोकं बुजवू नका. ब्रेकच्या डिस्क व पॅड आणि गरम होणारा एक्झॉस्ट यांच्यावर थेंबही जाऊ देऊ नका. काही तेलांनी रबर फुगतं; डब्यावरची सूचना वाचा. बर्फाचे दिवस संपले की फ्रेम आतून-बाहेरून पुन्हा धुवा.

आणि हे सगळं करण्याआधी हातोडीने फ्रेम ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पुढे जा. बद्द आवाज आला, पोलादाचे थर सुटले किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर लेपाचा डबा बाजूला ठेवा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. गेलेलं लोखंड कोणताही लेप परत आणत नाही. तो फक्त भोक झाकतो, आणि वजन पेलणाऱ्या फ्रेममधलं झाकलेलं भोक उघड्या भोकापेक्षा जास्त धोक्याचं.