स्वतः घडवलेले अवजार आणि पेटंट

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिन चार्ल्स टेलर यांनी डेटनच्या सायकल दुकानात मुख्यतः लेथ व ड्रिल प्रेसच्या साह्याने सुमारे सहा आठवड्यांत घडवले. आजही अमेरिकेत विमान दुरुस्त करणारा कारागीर खास अवजार स्वतः बनवू शकतो. मात्र ते उत्पादकाने सुचवलेल्या अवजाराच्या तोडीचे आणि हवाई प्रशासनाला मान्य होईल असे असावे लागते; कारण प्रश्न प्रवाशांच्या प्राणांचा असतो.

पेटंटचा विचार वेगळा. मूळ अवजारावर पेटंट असेल, तर ते न विकता केवळ स्वतःपुरते बनवणे हाही भंग ठरू शकतो. परंतु ही मुदत साधारणतः अर्जापासून २० वर्षांची. पुढे ती रचना सर्वांना खुली होते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी अशी वस्तू बनवण्याची मुभा आहे. ज्ञानाच्या मक्तेदारीला कायद्याने घातलेली ही मर्यादा प्रत्येक कुशल हाताला ठाऊक असली पाहिजे.