अंडर-नाइन्टीननंतरची सहा वर्षे



यंदाच्या पालक-सभेत गणितापेक्षा क्रिकेटवरच जास्त प्रश्न आले. मुलाला अकादमीत कितव्या वर्षी घालावे, दहावीच्या वर्षी नेट बंद करावे का, वगैरे. एका वडिलांनी तर सरळच विचारले, "सर, हा इंडियाकडून केव्हा खेळेल?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण प्रश्न मनापासून होता, तेव्हा त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे असे ठरवून हा लेख लिहीत आहोत.

उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, हे घरच्या आजोबांनी सांगितलेच असेल. त्यानंतरची एक गोष्ट मात्र मुलांना फारशी ठाऊक नसते. गोरखपूरचा नरेंद्र हिरवानी किशोरवयात क्रिकेटसाठी इंदूरला आला. संजय जगदाळे यांनी त्याला हाताशी धरले. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याची पहिली कसोटी झाली, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. समोर व्हिव्ह रिचर्ड्सचा संघ. हिरवानीने दोन्ही डावांत आठ-आठ बळी घेतले, एकूण १३६ धावांत १६. वेगाची सवय असलेले फलंदाज त्या लेगस्पिनला पुढे सरसावले आणि फसले. यष्टिरक्षक किरण मोरेने त्या सामन्यात सहा यष्टिचीत केले.

गोष्ट इथेच थांबवावी असा मोह होतो, पण पुढचे आकडेही वाचले पाहिजेत. पहिल्या चार कसोटींत हिरवानीचे ३६ बळी झाले आणि नंतरच्या तेरा कसोटींत ३०. १९८९ च्या दौऱ्यात वेस्ट इंडीजच्या खेळपट्ट्यांवर मद्राससारखे काही घडले नाही. त्यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. घरच्या वळणाऱ्या विकेटवर मिळवलेले यश परक्या मातीत टिकवणे ही निराळीच विद्या आहे. पूर्वी ती मुलांना थेट कसोटीतच शिकावी लागे, म्हणजे पोहणे शिकायला भर पुरात उडी. आता भारत 'अ' संघाचे परदेश दौरे होतात ते याचसाठी. वेस्ट इंडीजनेही २०१० मध्ये बार्बाडोसच्या विद्यापीठात होतकरू खेळाडूंसाठी केंद्र उघडले.

आता दुसरा सामना. १४ फेब्रुवारी २०१६, मीरपूर, अंडर-नाइन्टीन विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताचे प्रशिक्षक राहुल द्रविड, म्हणजे इंदूरला जन्मलेले आणि मराठी घरातले. संघात इंदूरचा वेगवान गोलंदाज आवेश खान. भारत १४५ धावांत बाद झाला आणि वेस्ट इंडीजच्या पोरांनी तीन चेंडू राखून सामना जिंकला. कीसी कार्टीच्या नाबाद ५२ धावा झाल्या.

त्या दिवशीची मुले पुढे कुठे गेली ते पाहा. विंडीजचा अल्झारी जोसेफ सहा महिन्यांत कसोटी खेळला. कप्तान शिमरॉन हेटमायर पुढच्या वर्षी. सामनावीर कार्टीला मात्र मोठ्या संघात यायला २०२२ उजाडले. आपला आवेशही भारताकडून पहिल्यांदा खेळला तो फेब्रुवारी २०२२ मध्येच, कोलकात्याला, आणि समोर पुन्हा वेस्ट इंडीज! मधली सहा वर्षे टीव्हीवर दिसत नाहीत. त्या वर्षांत रणजीचे सामने असतात, दुखापती असतात, संघाबाहेर बसणे असते. आणि अकादमीबाहेरूनही कोणी येतोच. गयानाच्या दुर्गम गावातला शमार जोसेफ सुरक्षारक्षकाची नोकरी करीत होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचे सात गडी बाद केले.

द्रविड यांचा आग्रह इथेच कळतो. अंडर-नाइन्टीन विश्वचषक एका मुलाने एकदाच खेळावा असा नियम भारताने २०१६ मध्ये केला. त्या संघात पुन्हा पुन्हा खेळण्यापेक्षा मुलाने मोठ्यांत उतरावे, हा हेतू. डिसेंबर २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात त्यांनी वय चोरण्यावरही कडक शब्दांत बोट ठेवले होते. पालकहो, हे थोडे आपल्यालाही लागू आहे. दाखल्यावरचे एक वर्ष कमी करून घ्यायला शाळेत येणारे अजून भेटतात. आम्ही ते करीत नाही, आणि मनगटाच्या एक्स-रेत हाडांचे वय दिसतेच.

राहिले शरीर. मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो. तरी गल्लीत पाचवीची मुले मोठ्या चेंडूनेच खेळतात. वेगवान गोलंदाजी टाकताना कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते. वाढत्या वयात तिथले हाड पुरते टणक झालेले नसते. विश्रांती न घेता रोज टाकत राहिले तर त्याला बारीक तडा जातो. बाहेरून सूज नाही, खरचटलेले नाही, त्यामुळे मुलगा नाटक करतोय असेच मोठ्यांना वाटते.

आम्हालाही तेच वाटले होते. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाला आम्ही एका आठवड्यात तीन सामने खेळवले. सकाळी तो क्लबच्या नेटमध्ये टाकत होता हे आम्ही विचारले नाही, आणि संघातून काढतील या भीतीने त्याने सांगितले नाही. कंबर दुखते म्हणाला तेव्हा आम्ही बाम लावायला सांगितले. डॉक्टरांनी फोटो काढल्यावर कळले, आणि त्याचा अख्खा मोसम गेला. त्याच्या आईने आम्हाला एकच विचारले, "सर, तुम्ही मोजत नव्हता का?" नव्हतो मोजत.

आता मोजतो. मैदानाच्या कपाटात एक वही ठेवली आहे. प्रत्येक गोलंदाजाने शाळेत, क्लबमध्ये आणि गल्लीत मिळून किती चेंडू टाकले ते त्यानेच रोज लिहायचे. रविवारी पालकांनी सही करायची. सलग दोन दिवस टाकले की तिसऱ्या दिवशी फक्त क्षेत्ररक्षण. विश्वस्त मंडळाकडे लहान चेंडूंचा एक डबा आणि पळण्याच्या जागेवर मातीची भर, एवढेच मागितले आहे. तो मुलगा आता अकरावीत आहे, डॉक्टरांच्या परवानगीने हळूहळू टाकू लागला आहे. वहीचे पहिले पान त्याचेच आहे: सोमवार, १८ चेंडू.