कीड अंदाज केंद्रांचे विजेपासून संरक्षण

शेतातील स्वयंचलित हवामान केंद्रे तापमान, आर्द्रता व पर्जन्याच्या नोंदी अँटेनाद्वारे पाठवतात. अनेक किडींच्या पिढीचा अंदाज दैनंदिन तापमानाच्या बेरजेवर, म्हणजेच अंश-दिवसांवर आधारलेला असतो. वळवाच्या पावसात उपकरण जळाल्यास त्या नोंदींमध्ये खंड पडतो आणि फवारणीच्या सल्ल्याचा आधारच डळमळीत होतो.

मोकळ्या शेतातील उंच धातूच्या खांबावर वीज पडण्याचा धोका अधिक असतो. मात्र थेट आघात न होताही नुकसान होते. जवळपास वीज पडल्यास लांब केबलमध्ये क्षणिक उच्च दाब निर्माण होऊन नाजूक सर्किट निकामी होते.

खांबावर लाइटनिंग अरेस्टर बसवला की संरक्षण पूर्ण झाले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात विजेचा प्रवाह सुमारे 30,000 अँपिअर असू शकतो. अर्थिंगचा रोध 10 ओहम असल्यास तेथील दाब क्षणभर 3 लाख व्होल्टपर्यंत चढतो. खांबाचे आणि खोलीतील वीजजोडणीचे अर्थिंग स्वतंत्र असेल, तर दाबातील हा फरक केबलवाटे उपकरणातच शिरतो. म्हणून दोन्ही अर्थिंग जाड तांब्याच्या पट्टीने एकमेकांस जोडणे, हा संरक्षणाचा गाभा होय.

त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

1. अरेस्टरपासून जमिनीपर्यंतची पट्टी शक्य तितकी सरळ व आखूड ठेवावी. तीव्र वळणापाशी वीज बाजूच्या वस्तूकडे झेपावू शकते.

2. अँटेना, सौर पॅनेल व वीजपुरवठा यांच्या केबल खोलीत शिरतात तेथेच सर्ज प्रोटेक्टर बसवून ते याच सामाईक अर्थिंगला जोडावेत.

3. कोरड्या मातीत रोध वाढतो. उन्हाळ्यात तो मोजून घ्यावा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि गंजलेले सांधे बदलावेत.

4. वादळाची पूर्वसूचना मिळताच, आकाश निरभ्र असतानाच, केबल सोडवून ठेवाव्यात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप अशा पूर्वसूचनेसाठी उपयुक्त आहे. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास ती सुमारे 10 किलोमीटरच्या आत पडलेली असते. अशा वेळी खांबास वा केबलला स्पर्श करू नये. पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा व शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तेथेच थांबावे. उपकरण पुन्हा घेता येते. ते वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.