निमंत्रण आणि उत्तर : ईमेलच्या काळातील एक जुना शिष्टाचार

आनंदाच्या प्रसंगी आपल्या माणसांना बोलावणे, ही वरवर पाहता अगदी साधी गोष्ट होय. परंतु थोडा विचार केला, तर तिचे दोन भाग आहेत असे दिसून येईल. पहिला भाग बोलावणाऱ्याचा आणि दुसरा ज्याला बोलावले त्याचा. एकाने 'या' म्हटले आणि दुसरा गप्प राहिला, तर निमंत्रण अर्धेच राहते. ईमेलमुळे पहिला भाग इतका सोपा झाला आहे की, एका क्षणात दोनशे माणसांना बोलावता येते. दुसरा भाग अपुरा राहण्याचे प्रकार वाढले आहेत, ते बहुतांशी या सोपेपणामुळेच. असे का व्हावे आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

बोलावण्यातील श्रम

आपल्या देशात निमंत्रणाच्या ज्या रीती रूढ आहेत, त्या पाहिल्या म्हणजे एक गोष्ट सर्वत्र समान आढळते. बोलावणारा काही श्रम घेतो आणि ते श्रम बोलावलेल्या माणसाला दिसतात. महाराष्ट्रात लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे व कुलदैवतापुढे ठेवतात आणि त्यानंतर घरोघर जाऊन अक्षत देतात. राजस्थानात हळदीने पिवळे केलेले तांदूळ देऊन बोलावणे करण्याची चाल आहे. गुजरातेत लग्नपत्रिकेला कंकोत्री म्हणतात. कुंकवाशी असलेले तिचे नाते त्या नावातच दिसते. तमिळनाडूत पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावतात आणि जवळच्या आप्तांकडे ती स्वतः नेऊन देतात. बंगालमधील छापील निमंत्रणाच्या शेवटी तर, प्रत्यक्ष न येता पत्राने निमंत्रण करीत असल्याबद्दल क्षमा मागण्याचा प्रघात आहे.

बंगाली निमंत्रणातील ही क्षमायाचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पत्र पाठविणे म्हणजे काही तरी कमी करणे, ही जाणीव तिच्यात स्पष्ट दिसते. मराठी पत्रिकेतही, नजरचुकीने कोणाला पत्रिका पोचली नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे, अशा आशयाची ओळ असे. पोस्टाने पत्रिका पाठविणाऱ्या यजमानालाही पाकिटावर नाव लिहावे लागे, तिकीट चिकटवावे लागे. हे श्रम थोडे असले, तरी त्या माणसाचे नाव एकदा तरी त्याच्या हातून लिहिले जाई.

ईमेलमध्ये हे श्रम जवळजवळ नाहीसे झाले. अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पहिला संदेश पाठविला आणि व्यक्तीचे नाव व तिच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. प्रारंभी बहुतेकांना मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावा लागे. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि देवनागरीतून पत्रे जाऊ लागली. एके काळी अभिनंदनाच्या तारांसाठी ठरावीक वाक्ये असत आणि त्यांचा नुसता क्रमांक सांगितला की तार जाई. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. तथापि एकच वाक्य सर्वांना पाठविण्याची ती सवय मात्र आपण ईमेलमध्ये पुढे चालू ठेवली आहे.

आमंत्रण कोणते, निमंत्रण कोणते

मराठीत आपण 'आमंत्रण' आणि 'निमंत्रण' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. परंतु पाणिनीने विध्यर्थाचे उपयोग सांगताना ही दोन्ही नावे वेगवेगळी दिली आहेत आणि टीकाकारांनी त्यांतील भेद स्पष्ट केला आहे. ज्या बोलावण्यास जाणे आवश्यक, ते निमंत्रण. श्राद्धाच्या भोजनास दौहित्राला बोलावतात, ते या प्रकारचे होय. ज्या बोलावण्यास जावे की न जावे हे बोलावलेल्याच्या इच्छेवर सोडलेले असते, ते आमंत्रण.

हा भेद आजही उपयोगी आहे. मित्राच्या मुलीचे लग्न आणि मित्राने नवी गाडी घेतल्याप्रीत्यर्थ दिलेला चहा, यांची बोलावणी सारखी नसतात. समोरासमोर बोलताना स्वरावरून हे कळते. पत्रिका घेऊन माणूस घरी आला, म्हणजे त्याच्या येण्यावरूनही कळते. ईमेलला स्वर नाही आणि पावलेही नाहीत. यास्तव 'तू आलाच पाहिजेस' की 'सवड असल्यास ये', हे शब्दांतच सांगावे लागते. त्याचप्रमाणे हेही ध्यानात ठेवावे की, आमंत्रणात न येण्याची मोकळीक असली, तरी उत्तर न देण्याची मोकळीक नसते.

यादीतील नाव

ईमेल लिहिताना पत्ता घालण्याच्या तीन जागा असतात. पहिली मुख्य जागा. दुसरीला सीसी म्हणतात. टंकलेखन यंत्रात कार्बनचा कागद घालून जी प्रत काढीत, तिच्यावरून हे नाव पडले. तिसरी बीसीसी, या जागी घातलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत. पहिल्या दोन जागांत शंभर पत्ते घातले, तर शंभर माणसांचे पत्ते परस्परांना उघड होतात; आणि एखाद्याने 'सर्वांना उत्तर द्या' हे बटण दाबले की, त्याच्या घरची अडचण शंभर ठिकाणी वाचली जाते. म्हणून अनेकांना एकच पत्र पाठवावयाचे असल्यास तिसरी जागा वापरावी.

परंतु तिसऱ्या जागेने केवळ पत्ते झाकले जातात. पत्र कोणाचेच होत नाही. अशी कल्पना करा की, बारशाच्या निमंत्रणाचा एक ईमेल साठ जणींना गेला आहे. त्यांपैकी एकीच्या पतीचे निधन होऊन दोन वर्षे झाली आहेत. या दोन वर्षांत हळदीकुंकवाची बोलावणी आपोआप थांबल्याचे तिने अनुभवले आहे. 'सर्व मैत्रिणींना सप्रेम निमंत्रण' ही ओळ वाचून तिच्या मनात प्रश्न उभा राहतो : यांत मी आहे काय? की माझा पत्ता जुन्या यादीत राहून गेला? गेले आणि कोणाच्या कपाळावर आठी उमटली तर? ती जात नाही. उत्तरही देत नाही, कारण काय लिहावे हे तिला सुचत नाही. यजमानीण म्हणते, 'तिने साधे उत्तरही दिले नाही.' दोघींपैकी कोणाचाही दोष नसता एक जुना स्नेह अशा रीतीने क्षीण होतो. तिच्या नावाने लिहिलेली एक ओळ हे टाळू शकली असती.

म्हणून या पाठाचा मुख्य नियम असा : मजकूर सर्वांना सारखा असला तरी चालेल, पण संबोधन आणि निदान एक वाक्य प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. पूर्वी पायांनी घेतलेले श्रम आता या एका वाक्यात घ्यावयाचे आहेत.

पत्र कसे लिहावे

विषयाच्या ओळीत प्रसंग व दिवस हे दोन्ही असावेत. नुसते 'निमंत्रण' लिहिलेले पत्र पुढे शोधूनही सापडत नाही. वार, तारीख, वेळ व स्थळ पूर्ण लिहावे. महिना अंकाने न लिहिता अक्षराने लिहावा, कारण ५/६ हा आकडा आपल्याकडे ५ जून, तर अमेरिकेत ६ मे असा वाचतात. लग्नाचा मुहूर्त मध्यरात्रीनंतरचा असेल, तर रात्र कोणत्या दोन तारखांमधली ते स्पष्ट करावे. ईदच्या मेजवानीचे निमंत्रण असल्यास, चंद्रदर्शनानुसार दिवस एकाने पुढेमागे होईल, हे आधीच नमूद करावे. परदेशातील आप्तांना दूरदर्शी माध्यमातून सोहळा पाहावयाचा असेल, तर भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते, हे धरून त्यांच्या गावची वेळही कळवावी.

किती जणांना बोलावले आहे, हे संदिग्ध ठेवू नये. जुन्या पत्रिकेतील 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द त्यासाठीच होते. आहेर नको असल्यास तसे लिहावे. अखेरीस उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे, ते सांगावे. वडीलधाऱ्यांना लिहिताना 'सा. न. वि. वि.' आणि बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.' हे मायने ईमेलमध्येही शोभतात. एक नमुना पाहू. यातील नावे केवळ उदाहरणादाखल आहेत.

विषय : नातीचे बारसे, रविवार, १४ डिसेंबर

प्रिय सुमन,
स. न. वि. वि.
माझ्या नातीचे बारसे रविवार, १४ डिसेंबर रोजी सकाळी साडेदहा वाजता आमच्या राहत्या घरी करण्याचे योजिले आहे. नाव ठेवताना पाळण्याजवळ तू माझ्या शेजारी असावीस, अशी माझी व सुनेची फार इच्छा आहे. जेवण बाराच्या सुमारास आहे. मुलाला व सुनेलाही घेऊन ये; तुम्हां तिघांची पाने धरली आहेत. आहेर मुळीच आणू नकोस. येणे जमो वा न जमो, ७ डिसेंबरपर्यंत दोन ओळी लिही.
तुझी,
मंदा

उत्तर कसे द्यावे

उत्तर लवकर द्यावे, हा पहिला नियम. आचाऱ्याला पानांची संख्या आगाऊ सांगावी लागते. ती उत्तरांवरूनच ठरते. होकार देताना दिवस, वेळ व येणाऱ्यांची संख्या पुन्हा लिहावी. वाचण्यात चूक झाली असल्यास यजमानाला ती लगेच कळते. कचेरीतल्या बैठकीसाठी 'येणार', 'नाही', 'कदाचित' यांपैकी एक बटण दाबणे पुरेसे असेल. मित्राच्या घरच्या कार्याला ते पुरत नाही.

नकार देणे आपल्या समाजात अवघड मानले जाते. तोंडावर 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून आपण 'बघू', 'जमल्यास येतो' असे म्हणतो आणि जात नाही. बोलणाऱ्याला यात सौजन्य वाटते. यजमानाच्या दृष्टीने मात्र ते वाढलेले आणि वाया गेलेले पान असते. स्पष्ट नकार हाही आदराचाच एक प्रकार होय. त्यात क्रम एवढाच सांभाळावा : आधी आनंद व आभार, मग नकार, मग थोडक्यात खरे कारण, आणि शेवटी शुभेच्छा. कारण सांगावयाचे नसेल, तर सांगू नये. खोटे कारण मात्र देऊ नये, कारण पुढे ते लक्षात ठेवावे लागते. वरील पत्राचे उत्तर असे येऊ शकेल :

प्रिय मंदा,
स. न. वि. वि.
तुझे पत्र काल मिळाले. आजी झालीस, मनापासून अभिनंदन! पाळण्याजवळ उभे राहण्यास मला बोलावलेस, हे मी विसरणार नाही. परंतु त्या आठवड्यात सुनेची परीक्षा असल्याने नातवाजवळ मला राहावयाचे आहे. त्यामुळे येता येणार नाही. आमची तीन पाने धरू नकोस. जानेवारीत दोन दिवस येईन आणि बाळाला नावाने हाक मारीन. ते नाव मात्र त्याच दिवशी कळव.
तुझी,
सुमन

या पत्रात नकार आहे. पण ते वाचून मंदाला वाईट वाटण्याऐवजी जानेवारीची वाट पाहावीशी वाटेल. सुमन आली नाही, तरी निमंत्रण पूर्ण झाले. होकार दिल्यानंतर अडचण उद्भवल्यास तीही त्वरित कळवावी; अशा वेळी ईमेलवर विसंबून न राहता फोन करावा.

उत्तर न आल्यास

नेमलेली तारीख उलटली आणि उत्तर आले नाही, तर मनात राग धरण्यापूर्वी एक शक्यता पडताळून पाहावी. पाठविलेले पत्र पोचलेच असेल असे नाही. नको असलेली जाहिरातवजा पत्रे गाळून ठेवण्याचा स्पॅम नावाचा एक कप्पा असतो. आपले आग्रहाचे निमंत्रण त्या अनाहूत गर्दीत पडून राहिलेले असू शकते. काही जण आठवडा आठवडा ईमेल उघडत नाहीत. काही वृद्धांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. अशांना फोन करावा, आणि जवळ राहत असतील तर समक्ष जावे. ज्यांच्या घरी सुतक आहे किंवा आजारपण आहे, त्यांना तर आधी विचारपूस करूनच बोलावावे.

साधन बदलले, तरी बोलावलेल्याच्या मनातील प्रश्न बदललेला नाही. 'खरोखर मीच हवा आहे काय?' असे तो प्रत्येक निमंत्रणाला विचारीत असतो. त्याच्या नावाने लिहिलेली एक ओळ या प्रश्नाचे उत्तर असते. आणि त्याने पाठविलेल्या दोन ओळी, ते उत्तर त्याला पोचल्याची पावती. पुढचे निमंत्रण पाठविण्यापूर्वी यादीतील एकेक नाव सावकाश वाचावे आणि ज्या नावाशी आपण थबकू, त्या माणसाला प्रथम लिहावे.