संध्याकाळी परत आलेला डाग

लग्न आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात सफाईची पोरं येतात. वर-वधूच्या स्टेजवरचा गालिचा, व्हीआयपी खोलीतला कार्पेट, सोफे. तर्रीचा ओघळ, सांडलेला चहा, कोपऱ्यात खर्ऱ्याची पिंक. दुपारपर्यंत सगळं लख्ख होतं. मालक बघतो, पैसे देतो. आणि संध्याकाळी फोन येतो, "भाऊ, डाग तर जसाच्या तसा वर आला ना!" पोरं परत जातात, आणखी पाणी, आणखी साबण, आणखी घासणं. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर, आणि आता पहिल्यापेक्षा पसरलेला.

या फोनला काय उत्तर द्यायचं हे ज्याला कळतं, त्याला आपल्या वर्धा जिल्ह्यात सफाईच्या व्यवसायावर घर चालवता येईल असं माझं मत आहे.

निकालाच्या दिवसांत हे सांगितलं की पालकांचे चेहरे उतरतात. "सर, पोराले बारावीपर्यंत शिकवलं, ते का झाडू माराले?" हा प्रश्न मी टाळत नाही. सफाईचं काम आपल्याकडे जातीनं काही घरांवर लादलं गेलं, पिढ्यान्‌पिढ्या आणि अपमानासकट. ज्या घरात ती आठवण ताजी आहे, त्या घरातल्या बापाला श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणं मला योग्य वाटत नाही. त्याचा राग खरा आहे आणि त्याचा निर्णय त्याचाच असावा. मी ज्या कामाबद्दल बोलतोय, त्यात दर तुमचा मुलगा किंवा मुलगी ठरवते, काम नाकारायचा हक्क तिच्याकडे असतो आणि हातात झाडूच्या आधी माहिती असते. हाताने मैला साफ करायला लावणं आणि सुरक्षासाधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं, दोन्ही २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणत्याही ठेकेदाराने असं काम सांगितलं तर थेट नाही म्हणायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा.

हे सगळं वर्ध्यात बसून लिहिताना १९३७ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या ऑक्टोबरात इथे शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि त्यातून झाकिर हुसेन समिती आणि पुढे नई तालीम आली. हाताच्या कामातून विषय शिकायचे, हा तिचा गाभा. नंतर १९४६च्या सुमारास विनोबा पवनारहून सुरगावला रोज चालत जाऊन तिथली घाण साफ करत. आपण या गोष्टी जयंतीला सांगतो. पण नई तालमीतला धडा आज करिअर निवडताना कामाचा आहे: काम करता करता "असं का होतं?" हे विचारायचं. तकलीवर सूत का तुटलं हे विचारणारं पोर गणित आणि विज्ञान दोन्हीकडे पोचतं. तसाच डाग परत का आला, हे विचारायचं.

चला, विचारू.

चहा सांडतो तेव्हा तो गालिच्याच्या केसांवर थांबत नाही. खाली विणीत, तिच्याखालच्या अस्तरात आणि फोमच्या थरात उतरतो. आपण वरचे केस धुतो, वर स्वच्छ दिसतं. खाली मात्र चहा तसाच असतो, आणि आता त्यात आपण ओतलेलं पाणीही मिसळलेलं. मग वाळणं सुरू होतं. पाणी वाळतं ते केसांच्या टोकांवरून, आणि वर उडून गेलेल्या पाण्याच्या जागी खालचं पाणी चढतं, जसं दिव्याच्या वातीतून तेल चढतं. ते येताना विरघळलेला चहा घेऊन येतं. पाणी हवेत जातं, चहा टोकावर राहतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, हे काही तासांत होतं. लग्नसराई आणि उन्हाळा आपल्याकडे एकत्रच येतात, म्हणून तो संध्याकाळचा फोन.

आता लक्षात येईल की जास्त पाणी मारणं म्हणजे डागाला चढायला जिना देणं. उपाय उलटा आहे. पाणी कमी मारायचं आणि ओढून जास्त काढायचं. यंत्राचा एक हात पाण्याचा, तर दोन-तीन हात नुसते ओढायचे. मग पंखा जमिनीलगत लावून लवकर वाळवायचं. जुना, खोल डाग असेल तर ओल्या जागेवर पांढऱ्या सुती टॉवेलच्या घड्या ठेवून वर वजन ठेवायचं आणि रात्रभर सोडायचं. वर चढणारं पाणी आता टॉवेलात जातं, आणि डागही त्याच्याबरोबर. सकाळी टॉवेलवर तपकिरी वर्तुळ दिसलं की काम झालं असं समजा. फोम खोलवर भिजला असेल तर हा उपाय एकदा पुरत नाही, आणि हे ग्राहकाला आधीच सांगायला हवं. "जाईल की नाही, उद्या सकाळी सांगतो" असं म्हणायची हिंमत नव्या मुलांना नसते. ती यायला हवी.

डाग परतायचं दुसरं कारण साबण. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हा आपल्या घरोघरचा समज. न निघालेला साबण वाळल्यावर चिकट राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलेची धूळ धरून ठेवतो. नेमकी धुतलेली जागा आठवडाभरात बाकीच्या गालिच्यापेक्षा काळी दिसते. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात भर, कारण त्यातला कॅल्शियम साध्या साबणाशी जुळून राखाडी साका करतो. म्हणून साबण मोजून, आणि शेवटचा हात साध्या किंवा किंचित आम्लधर्मी पाण्याचा.

मग हळद. आपल्या भागात हा डाग सगळ्यात जास्त आणि सगळ्यात फसवा. तर्री सांडली, पोराने कपड्याचा साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. पोरगा घाबरतो, मालक ओरडतो, "गालिचा जाळला!" कुणीच काही जाळलेलं नसतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. आम्लधर्मी पाणी दिलं की ते पुन्हा पिवळं होतं. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि उन्हात फिकं पडतं. तर्रीत तेलही असतंच, ते आधी काढावं लागतं. उचलता येणारी सतरंजी असेल तर धुऊन उन्हात टाकायची ही आजीची पद्धत अगदी शास्त्राला धरून होती. रंगीत गालिच्याला मात्र कडक ऊन फार वेळ देऊ नये, हळदीबरोबर त्याचाही रंग उडतो.

खर्ऱ्यातल्या सुपारीचं हेच, चुन्याबरोबर ती लाल होते. रक्ताला गार पाणी, गरम पाण्याने ते घट्ट बसतं. शेतातून आलेल्या पायांची काळी माती ओली असताना घासली तर ती इतकी बारीक असते की विणीत शिरते. तिला पूर्ण वाळू द्यावं, ब्रशने सुटी करावी, व्हॅक्यूमने ओढावी आणि मगच पाणी. खरं तर कोणत्याही गालिच्याचं हेच. कोरडी धूळ कोरडीच काढायची, नाहीतर आपणच तिचा चिखल करतो.

आणि गालिचा कशाचा आहे, हे पाहिल्याशिवाय बाटली उघडायची नाही. लोकर अल्कली सोसत नाही, आणि ब्लीचमध्ये तर विरघळूनच जाते. ज्यूटचं अस्तर जास्त भिजलं तर त्याचा तपकिरी रंग वर येतो, आणि तो डाग आपण केलेला असतो. सुती सतरंजी आटते. पॉलिप्रॉपिलीन पाण्याला दाद देत नाही, पण तेल धरून ठेवतं. टोकाचे एक-दोन धागे काढून जाळून पाहिले की बराच उलगडा होतो: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, सुताला जळक्या कागदाचा, आणि कृत्रिम धागा वितळून गोळी होतो. नवं रसायन आधी सोफ्याखालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहायचं. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करायचं नाही, कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

पालक बहुतेक वेळा यंत्राबद्दल विचारतात, "कोणतं घ्यायचं?" मी आधी विचारतो, ते धुणार कोण? या धंद्यात यंत्र बिघडतं ते बहुधा निष्काळजीपणाने. काम संपल्यावर घाण पाण्याची टाकी तशीच ठेवून गाडीत टाकली तर दुसऱ्या दिवशी तिचा कुबट वास पुढच्या ग्राहकाच्या बैठकीत पसरतो. टाकीत फेस भरला की तो मोटारीपर्यंत ओढला जातो, म्हणून फेस मारणारं औषध टाकीत घालावं लागतं, आणि साबण कमी ठेवायचं हे दुसरं कारण. जड पाण्याने फवाऱ्याची तोंडं बुजतात. सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्याने ती अधूनमधून धुवावी. फिल्टर वाळवून बसवायचा. व्हॅक्यूमच्या मोटारीतले कार्बन ब्रश झिजतात, ते स्वतः बदलता आले तर नागपूरची फेरी वाचते. वायर तुटलेली, अर्थिंग नसलेली, आणि समोर ओला गालिचा, असं काम करायचं नाही.

सुरुवातीला यंत्रांचा ताफा नको. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा एक दणकट व्हॅक्यूम, जमिनीलगत वारा मारणारा ब्लोअर, चांगले ब्रश, पांढरे टॉवेल, पीएच तपासायच्या पट्ट्या आणि एक वही. पाणी फवारून लगेच ओढणारं एक्स्ट्रॅक्शन यंत्र नियमित कामं मिळाल्यावर. समजा ते ४०,००० रुपयांना पडलं आणि त्यावर ४०० कामं झाली, तर प्रत्येक कामात १०० रुपये यंत्राचे गेले. हे १०० रुपये दरात धरले नाहीत तर चौथ्या वर्षी नवं यंत्र घ्यायला हातात काहीच नसतं. नवी मुलं फक्त साबण, पेट्रोल आणि मजुरी धरतात. परत जावं लागलेली प्रत्येक फेरीसुद्धा खर्चच आहे, म्हणून वहीत लिहावं: कुठला डाग, गालिचा कशाचा, काय लावलं, किती वाजता वाळला, परत आला का. वर्षभराने ती वही कुठल्याही प्रमाणपत्राइतकी बोलते.

काम कुठे मिळेल? वर्धा शहरात गालिचे आहेत तरी किती, अशी शंका रास्त आहे. नुसत्या गालिच्यांवर पोट भरणार नाही. मंगल कार्यालयं, लॉन, बिछायत केंद्रांचा माल, बँका, दवाखान्यांतले प्रतीक्षाकक्ष, सभागृहांच्या खुर्च्या, घरचे सोफे-गाद्या, गाड्यांच्या सीटा, असं मिळून ते उभं राहतं. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथलं काम एका दिवसात जमेल अशा फेऱ्या बांधाव्या लागतात, आणि नागपूर पाऊण-एकशे किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात काम कमी आणि अवघड. दमट हवेत गालिचा दिवसभरात वाळला नाही तर बुरशी येते. त्या महिन्यांसाठी सोफे, गाड्या आणि वार्षिक करार हवेत. सेवाग्राम आणि सावंगीच्या मोठ्या रुग्णालयांमुळे सफाईचं काटेकोर काम म्हणजे काय, हे जिल्ह्यातल्या मुलांना जवळून पाहता येतं. वॉर्डात गालिचा नसतो आणि नसावाही, पण कोणता फडका कुठे वापरायचा नाही ही शिस्त तिथूनच शिकावी.

शिक्षणाचे रस्ते आहेत. आयटीआयमध्ये हाउसकीपिंगचा अभ्यासक्रम असतो, जवळच्या संस्थेत यंदा तो चालू आहे का ते प्रवेशाआधी विचारा. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत हाउसकीपिंग हा मुख्य विभाग आहे. धाग्यांचं आणि गालिचा विणण्याचं शास्त्रच आवडलं तर उत्तर प्रदेशात भदोहीला केंद्र सरकारची कार्पेट तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे बीटेक करता येतं. पण बारावीनंतर लगेच कर्ज काढून धंदा, याच्या मी विरोधात आहे. निदान दोन वर्षं नागपूर-पुण्याच्या एखाद्या हॉटेलात किंवा सफाई कंपनीत पगारावर काम करावं, दुसऱ्याच्या गालिच्यावर आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली चुका कराव्यात. नंतर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. सेवा व्यवसायाला त्यात २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, आणि पाच लाखांवरच्या सेवा प्रकल्पाला आठवी पास असणं लागतं. मर्यादा २० लाख म्हणून तेवढं कर्ज मागायचं नाही. पहिल्या वर्षाला लाख-दोन लाखांचं सामान पुष्कळ झालं, आणि त्याला मुद्राचं कर्जही चालतं. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

आपल्या मुलाला हे जमेल का, हे ओळखायला मी पालकांना घरीच एक गोष्ट करायला सांगतो. या सुट्टीत एका जुन्या पांढऱ्या कपड्यावर हळदीचं बोट ओढा. मुलाला त्यावर साबण लावू द्या, लाल होऊ द्या, मग लिंबू पिळायला सांगा. एका जुन्या सतरंजीवर अर्धा कप चहा ओता, ती धुवायला सांगा आणि संध्याकाळी परत बघायला सांगा. काही मुलं सांगितलेलं करून मोबाइलकडे वळतील, त्यांना आग्रह करू नका. एखादी मुलगी मात्र संध्याकाळी स्वतःहून सतरंजीपाशी जाईल, वर आलेला डाग पाहील, आणि रात्री तिच्यावर टॉवेल अंथरून वर पाट्याचा दगड ठेवेल. सकाळी ती टॉवेल उचलेल तेव्हा तुम्हीही तिथे असा.