जुना चांदोबा, लाकडी बाहुल्या आणि वर्गातली पेटी

मागच्या वर्षी दहिवडीच्या आठवडी बाजारात चिवडा घेतला. घरी येऊन पुडी सोडली, तर कागदावर विक्रम राजा! हातात तलवार, खांद्यावर प्रेत. 'चांदोबा' वाचलेल्या माणसाला हे चित्र सांगावं लागत नाही. चित्रकार शंकर यांचं ते. मद्रासहून निघणारा हा मासिक अंक मराठीत १९५२ पासून येऊ लागला आणि आपल्या माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवरही पोचला.

दुसऱ्या दिवशी ते पान वर्गात वाचून दाखवलं. वेताळानं प्रश्न विचारला आणि पान संपलं. पोरं ओरडली, "सर, मग राजानं काय उत्तर दिलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाजारात परत गेलो तर बाकीची पानं चिवड्याबरोबर गावोगाव गेलेली.

त्या दिवसापासून वर्गात एक पत्र्याची पेटी ठेवली. जुनी गोष्टींची पुस्तकं, मासिकं त्यात जमवतो. तुम्हीही सुरू करा, पण काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघण्याआधी आतलं छपाईचं पान बघा. आवृत्ती कितवी, किंमत किती, मुद्रणालय कुठलं. जुन्या पुस्तकांवर बऱ्याचदा शक छापलेला असतो. शके १८७४ मध्ये ७८ मिळवा, १९५२ येतं. (वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत एखादं वर्ष पुढं जातं, तेवढं सांभाळा.) चौथीच्या मुलांना बेरजेचा याहून चांगला सराव मला तरी सापडला नाही. पहिल्या पानावर कुणी शाईनं नाव लिहिलं असेल, 'वार्षिक परीक्षेत पहिला नंबर' असा शिक्का असेल, तर तो खोडू नका. पुस्तक कुणाच्या हातून फिरलं हे त्यावरूनच कळतं.

सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, कागद घेऊन निघते. फाटलं असेल तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ कागद. गंजलेल्या पिना हळूच काढून सुती दोऱ्यानं शिवा. पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, आपली जुनी माणसं पोथ्यांत ठेवायची तशी.

आता नाटकाचं. पुस्तकात राक्षस नुसता छापलेला असतो, रंगमंचावर तो ओरडत येतो. आपल्या शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अलल्डुर्र' करत प्रवेश करायचे, म्हणून नाटकांनाच ते नाव पडलं. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. पुढं रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या. कुणीतरी त्या बाहुल्या चुलीत घातल्या नाहीत म्हणूनच हे जमलं!

रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' घ्या. त्यातली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ साली नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. संवाद पुस्तकात मिळतील, पण तिचं नाक, केस, चालण्याची ढब? ती फोटोत, जाहिरातीत, जपून ठेवलेल्या तिकिटात. म्हणून जत्रेतल्या नाटकाचं हँडबिलसुद्धा पेटीत जाऊ द्या. मागं तारीख आणि गावाचं नाव पेन्सिलनं लिहा, पेनानं नको. आमच्या स्नेहसंमेलनातला पुठ्ठ्याचा राक्षसाचा मुखवटाही आम्ही ठेवलाय. एक कान उंदरानं खाल्लाय, ते असो.

पैसे टाकून दुर्मिळ आवृत्त्या घेणं आपल्याला परवडणारं नाही, त्याची गरजही नाही. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन दिलेत, ते मुलांना दाखवा. मग विचारा, घरी माळ्यावर असं काही आहे का. आमच्याकडं एका आजीनं वरच्या फळीवरून 'गोट्या' काढून दिला, मुखपृष्ठ नसलेला. मागं तिनं कोळशानं वाणसामानाचा हिशोब लिहिला होता. तोही तसाच ठेवलाय.

चांदोबाचा तो अंक मात्र अजून मिळालेला नाही. वर्गातल्या बावीस मुलांनी राजाची बावीस उत्तरं लिहिली, ती त्या तेलकट पानाला दोऱ्यानं जोडून ठेवली आहेत.